निवडणूक आयुक्ताची खुर्ची आणि न्यायमूर्तींचे कवच

पंचायत निवडणुकीआधी प्रभाग आरक्षणाची यादी कार्यालयाच्या फलकावर लागते, तेव्हा फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्यापुढे जमणारी गर्दी निकालाच्या दिवशीच्या गर्दीपेक्षा फारशी कमी नसते. पाच वर्षे प्रभागात फिरून, लग्नाबारशाला हजेरी लावून, जत्रेला देणगी देऊन ज्याने आपली जमीन तयार केलेली असते, त्याला तो एक कागद घरी बसवू शकतो. मागच्या खेपेला माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी यादीवर बोट ठेवले आणि ते एवढेच म्हणाले, ‘आमचो वॉर्ड परत बायलांक गेलो.’ म्हणजे तो पुन्हा महिलांसाठी राखीव झाला होता. मग त्यांनी विचारले, हे ठरवतो कोण? कोणी सरकारचे नाव घेतले, कोणी निवडणूक आयोगाचे. गावातले एक निवृत्त मास्तर मात्र म्हणाले की त्या खुर्चीवर एखादा न्यायाधीशच बसवावा, म्हणजे पुढची कटकटच संपेल.

मास्तरांची सूचना वरवर साधी वाटते, पण तिच्या पोटात बरेच काही आहे. न्यायाधीश निःपक्षपाती असतो, निवडणूक घेणारा माणूसही निःपक्षपाती हवा, म्हणून न्यायाधीशालाच निवडणूक घ्यायला सांगावे, असे हे गणित आहे. ते कुठे जुळते आणि कुठे चुकते हे पाहण्यासाठी आधी ही खुर्ची नेमकी कोणती, हे नीट समजून घ्यावे लागते, कारण आपल्याकडे दोन वेगळ्या खुर्च्यांची सर्रास गल्लत होते.

लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. त्याला अधिकार मिळतो तो राज्यघटनेच्या ३२४व्या अनुच्छेदातून, आणि गोव्यात त्याचे काम मुख्य निर्वाचन अधिकारी पाहतात. पंचायती, जिल्हा पंचायती, नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका यांच्या निवडणुकांशी त्या आयोगाचा संबंध नसतो. त्या घेण्यासाठी राज्य निवडणूक आयोग नावाची वेगळी यंत्रणा आहे. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अनुक्रमे २४ एप्रिल १९९३ आणि १ जून १९९३ रोजी अमलात आल्या, तेव्हा २४३-के आणि २४३-झेडए या अनुच्छेदांनी ती जन्माला आली, आणि पाठोपाठ १९९४ मध्ये गोव्याने आपला पंचायत राज कायदा केला. राज्यातल्या १९१ पंचायती, प्रत्येकी २५ मतदारसंघ असलेल्या दोन जिल्हा पंचायती, सगळ्या नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका एवढा पसारा या एका आयोगाकडे आहे, आणि गंमत अशी की ‘आयोग’ हा शब्द भारदस्त असला तरी तिथे आयुक्त एकच असतो. दिल्लीत तिघे बसतात आणि मतभेद झाल्यास बहुमताने निर्णय घेतात. इथे मतभेद व्हायला दुसरा माणूसच नाही. त्यामुळे तो एक माणूस कोण, हा प्रश्न अधिकच जड होतो.

२४३-के या अनुच्छेदात त्या माणसाविषयी दोन गोष्टी सांगितलेल्या आहेत. पहिली ही की त्याची नेमणूक राज्यपाल करतात. दुसरी ही की उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या कारणांसाठी आणि ज्या पद्धतीने पदावरून दूर करता येते, त्याच कारणांसाठी आणि त्याच पद्धतीने यालाही दूर करता येते, शिवाय नेमणुकीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याला तोट्यात घालतील अशा बदलता येत नाहीत. म्हणजे मास्तरांना जे हवे होते त्याचा एक भाग घटनेने आधीच करून ठेवलेला आहे. माणूस न्यायाधीश नसला तरी त्याला न्यायाधीशाचे कवच दिलेले आहे, आणि हे कवच किती जाड आहे ते पाहण्यासारखे आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचे तर गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते, संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत मिळावे लागते, आणि मगच राष्ट्रपतींचा आदेश निघतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही हीच कसोटी लागू आहे, आणि न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव १९९३ मध्ये लोकसभेत पुरेशी मते न मिळाल्याने पडला. २०११ मध्ये राज्यसभेने कोलकाता उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध कौल दिला, तर लोकसभेत मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

तेव्हा या खुर्चीवरून माणसाला खाली खेचणे जवळजवळ अशक्य आहे. आता नेमणुकीकडे वळा. राज्यपाल नेमणूक करतात याचा व्यवहारातला अर्थ मंत्रिमंडळ सुचवते ते नाव राज्यपालांच्या सहीने निघते, एवढाच आहे. त्यासाठी कोणती समिती असावी, विरोधी पक्षनेत्याला विचारावे की नाही, उमेदवार कोणत्या क्षेत्रातला असावा, याबद्दल अनुच्छेद गप्प आहे. मुदत किती असावी हेदेखील राज्याच्या कायद्यावर सोपवलेले आहे. थोडक्यात, या घराचा बाहेर काढण्याचा दरवाजा लोखंडी आहे आणि आत घेण्याचा दरवाजा सताड उघडा आहे. गेल्या काही वर्षांत या पदावरून जे वाद झाले त्यांपैकी बहुतेक या उघड्या दारातून आत आलेले आहेत, आणि त्यांतला देशभर गाजलेला एक आपल्या गोव्यातलाच आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये गोवा सरकारने राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त ताबा राज्याच्या कायदा सचिवांकडे दिला. सरकारी खात्यांत अतिरिक्त ताबा ही रोजची गोष्ट असते. एक अधिकारी निवृत्त झाला, दुसरा अजून ठरला नाही, तोवर शेजारच्या टेबलावरचा माणूस दोन्ही फायली पाहतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र इथे ज्या दोन टेबलांवर एकच माणूस बसला, त्यांपैकी एक सरकारला कायद्याचा सल्ला देणारे होते आणि दुसरे त्याच सरकारच्या काळात होणाऱ्या निवडणुकीचे पंच म्हणून काम करणारे होते.

त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये नगरपालिकांच्या प्रभागांचे आरक्षण जाहीर झाले, आणि ते नगरपालिका प्रशासनाच्या संचालकांच्या आदेशाने झाले. आमच्या फलकापुढच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे, निदान पालिकांपुरते, हे उत्तर आहे: त्या वेळी आरक्षण ठरवले ते सरकारच्या खात्याने आणि निवडणूक घ्यायची होती ती आयोगाने. या आरक्षणाविरुद्ध काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेले. घटना म्हणते की पालिकांत महिलांसाठी एक तृतीयांशापेक्षा कमी जागा राखीव असता कामा नयेत. पंचवीस प्रभागांची पालिका घेतली तर तिचा एक तृतीयांश आठ आणि वर थोडा उरतो. शाळेत शिकवतात त्याप्रमाणे अपूर्णांक अर्ध्याहून कमी आहे म्हणून तो सोडून दिला, तर आठ प्रभाग राखीव होतात. पण ‘पेक्षा कमी नाही’ हे शब्द समोर ठेवले तर आठ चालत नाहीत, नऊच लागतात. एका प्रभागाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण ज्या प्रभागात तो पडतो तिथे कोण उभा राहणार आणि कोण घरी बसणार हे त्यानेच ठरते.

इथे तारखांकडे बारकाईने पाहावे लागते, कारण या प्रकरणाचे सगळे मर्म त्यांत आहे. निवडणूक कार्यक्रम एकदा जाहीर झाला की न्यायालयांनी मध्ये पडू नये, असे घटनेनेच सांगितलेले आहे. तक्रार असेल तर निकालानंतर निवडणूक याचिका करावी. पंचायतींसाठी हा अडसर २४३-ओ मध्ये आहे, पालिकांसाठी २४३-झेडजी मध्ये आहे, आणि विधानसभा व लोकसभेसाठी ३२९ मध्ये आहे. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. प्रत्येक नाराज उमेदवाराला मधल्या काळात स्थगिती मिळू लागली तर कोणतीच निवडणूक वेळेवर पार पडणार नाही, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने नमक्कलच्या पोन्नुस्वामी यांच्या प्रकरणात १९५२ सालीच हे तत्त्व पक्के केले. पण याचाच दुसरा अर्थ असा होतो की निवडणुकीची तारीख जाहीर करणाऱ्याच्या हातात न्यायालयाचे दार लावण्याची कडीही असते. गोव्यात आरक्षणाच्या याचिकांवर उच्च न्यायालयाचा निकाल १ मार्च २०२१ रोजी आला आणि निवडणुकीचा कार्यक्रम त्याआधीच, २२ फेब्रुवारीला, जाहीर झालेला होता. ही घोषणा करणारे आयुक्त म्हणजे ज्या सरकारच्या आरक्षणाला आव्हान दिले होते त्याच सरकारचे कायदा सचिव होते. त्यांच्या मनात काय होते यात मला शिरायचे नाही, आणि कोणी शिरूही नये. मुद्दा असा की अशा व्यवस्थेत माणूस कितीही सरळ असला तरी त्याच्या कृतीवर शंका येण्याला वाव राहतोच.

उच्च न्यायालयाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांपुरते आरक्षण रद्द केले. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले, आणि १२ मार्च २०२१ रोजी तिथल्या न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, भूषण गवई आणि हृषीकेश रॉय यांच्या पीठाने सरकारच्या विरोधात निर्णय दिला. आरक्षण नव्याने करून ३० एप्रिलपर्यंत निवडणुका पूर्ण करा, असा आदेश तर त्यात होताच, पण त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. केंद्र किंवा राज्य सरकारच्या कोणत्याही पदावर असलेल्या व्यक्तीला यापुढे राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही, आणि दुसऱ्या कोणत्या राज्यात अशी व्यक्ती त्या खुर्चीवर असेल तर तिला तातडीने पायउतार व्हायला सांगावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या पाच लहान शहरांतल्या प्रभागांच्या हिशेबावरून निघालेला दावा सगळ्या देशाचा नियम होऊन परत आला. बाकीच्या सहा पालिका आणि पणजी महानगरपालिका यांचे मतदान ठरल्याप्रमाणे २० मार्चला झाले, आणि या पाच ठिकाणी ते २३ एप्रिलला झाले.

या निकालात एक गोष्ट नाही, आणि ती नसणे महत्त्वाचे आहे. आयुक्त न्यायाधीशच असावा, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. सरकारी पदावर असू नये, एवढेच म्हटले. निवृत्त अधिकारी चालतो, निवृत्त न्यायाधीशही चालतो. अट आहे ती सरकारशी असलेली नाळ तुटलेली असण्याची.

जुन्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे, आणि तेही गोव्याशी जोडलेले आहे. स्वतंत्र भारताचे पहिले कायदा सचिव के. व्ही. के. सुंदरम १९५८ मध्ये देशाचे दुसरे मुख्य निवडणूक आयुक्त झाले. म्हणजे कायदा सचिव निवडणूक आयुक्त होण्यात मुळात काही गैर नाही. सुंदरम यांनी जुनी खुर्ची सोडली आणि मग नवी घेतली, एवढाच फरक आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. फूल आणि दोन पाने या चिन्हांमधून लोकांनी आपले भवितव्य निवडले. त्या कौलाबद्दल आमच्या मराठी घरांतून आजही दोन्ही बाजूंनी बोलले जाते, आणि ते इथे उगाळण्याचे कारण नाही. पण मत निःपक्ष वातावरणात पडावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता आणि कौल होईपर्यंत गोव्यात लोकनियुक्त सरकार नव्हते, ही गोष्ट या विषयात आवर्जून सांगावी अशी आहे. पंचाची नाळ तोडणे हा एक मार्ग असतो. त्या वेळी तर खेळणाऱ्यांपैकी एकाला काही दिवस मैदानाबाहेर ठेवले गेले.

आता मास्तरांच्या मूळ सूचनेकडे येऊ. आंध्र प्रदेशात ही सूचना अगदी शब्दशः अमलात आली, आणि ती ज्या कारणाने आली ते पाहिले तर मास्तरही दोनदा विचार करतील. मार्च २०२० मध्ये तिथले आयुक्त एन. रमेश कुमार यांनी कोरोनाच्या साथीमुळे स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या आणि राज्य सरकार नाराज झाले. न्यायाधीशाचे कवच असल्यामुळे आयुक्तांना काढता येत नव्हते. तेव्हा सरकारने १० एप्रिलला अध्यादेश काढून आयुक्ताची मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षे केली आणि या पदावर उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीशच असावा अशी पात्रताही घातली. रमेश कुमार यांची तीन वर्षे उलटलेली असल्यामुळे ते आपोआप बाहेर पडले, आणि मद्रास उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. कनगराज यांची नेमणूक झाली. कागदावर याहून सुंदर सुधारणा सापडणार नाही, कारण सनदी अधिकाऱ्याच्या जागी न्यायमूर्ती आणले होते. पण २९ मे रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो अध्यादेशच रद्द केला, आणि रमेश कुमार पुढे पुन्हा त्या खुर्चीवर आले. न्यायमूर्तींच्या योग्यतेचा तिथे प्रश्नच नव्हता. त्यांच्या नावाचा उपयोग दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी झाला, हे दुखणे होते.

निवृत्तीनंतरच्या नेमणुकांचा प्रश्न तसा घटनेइतकाच जुना आहे. न्यायाधीशांनी पदावरून उतरल्यावर सरकारी पदे घेऊ नयेत, अशी सूचना के. टी. शहा यांनी घटना समितीत मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. न्यायालयापुढे येणारे तंटे मुख्यतः खासगी व्यक्तींचे असतात, त्यांत सरकारला फारसा रस नसतो, म्हणून सरकार न्यायाधीशावर प्रभाव टाकील ही शक्यता कमी आहे, असा त्यांचा विचार होता. त्या काळी तो बरोबरच होता. आज न्यायालयांतला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे, आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२व्या, तर सर्वोच्च न्यायालयाचे ६५व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे हातीपायी धड असताना घरी येतात. त्यामुळे ‘निवृत्तीनंतर काहीतरी मिळेल’ ही आशा, कोणी बाळगली नाही तरी, बाळगली असेल अशी शंका लोकांच्या मनात येते. हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ शकत नाहीत असे घटनेतच लिहिलेले आहे. राज्य निवडणूक आयुक्ताबद्दल घटनेत तसे काही लिहिलेले नाही, आणि ही उणीव मला त्याच्या पूर्वीच्या पेशाहून अधिक गंभीर वाटते.

पेशाचाही विचार करायला हवाच, कारण न्यायदान आणि निवडणूक ही दोन अगदी वेगळ्या वळणाची कामे आहेत. न्यायाधीश आपणहून काही सुरू करत नाही. कोणीतरी दाद मागते, मग दोन्ही बाजू बोलतात, मग कारणे लिहून निकाल दिला जातो, आणि उशीर झाला तर तारीख पुढे जाते. निवडणूक घेणाऱ्याला हे चालत नाही. ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता प्रत्येक केंद्रावर पेटी, शिक्का, यादी, शाई आणि कर्मचारी हजर असावेच लागतात. न्यायाधीशाच्या हाताखाली शिरस्तेदार आणि काही कारकून असतात. आयुक्ताला काही दिवसांसाठी मामलेदारांपासून शाळामास्तरांपर्यंत हजारो माणसे उसनी घ्यावी लागतात, आणि ती सगळी त्याच सरकारची नोकर असतात.

हे काम एका ज्येष्ठ न्यायमूर्तीने प्रत्यक्ष करून दाखवले त्याची हकिकत दक्षिण आफ्रिकेतली आहे. तिथे वर्णभेद संपवणारी पहिली सार्वत्रिक निवडणूक घेण्यासाठी स्वतंत्र निवडणूक आयोग नेमला गेला आणि डिसेंबर १९९३ मध्ये त्याचे अध्यक्षपद योहान क्रिग्लर यांच्याकडे आले. ते तेव्हा देशाच्या अपिलीय न्यायालयाचे न्यायाधीश होते, आणि त्याआधी वकिली करताना मानवी हक्कांसाठी उभे राहिलेले होते. मतदान एप्रिलच्या अखेरीस व्हायचे होते, म्हणजे हातात चार महिने होते, आणि देशात सर्वांची मतदार यादी अशी नव्हतीच, कारण बहुसंख्य लोकांना त्यापूर्वी मतच नव्हते. एवढ्यावरही भागले नाही. मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना, १९ एप्रिलला, इंकाथा फ्रीडम पार्टीने बहिष्कार मागे घेऊन निवडणुकीत उतरण्याचे ठरवले. मतपत्रिका तोवर छापून झाल्या होत्या. त्या रद्द केल्या असत्या तर निवडणूक पुढे गेली असती, आणि ती पुढे जाणे म्हणजे हिंसाचाराला निमंत्रण ठरले असते. मग त्या पक्षाचे नाव, चिन्ह आणि नेत्याचा फोटो असलेली पट्टी छापून ती मतपत्रिकेच्या तळाशी चिकटवण्यात आली. न्यायालयात असा दस्तऐवज कोणी पुढे केला असता तर त्याच न्यायमूर्तींनी भुवया उंचावल्या असत्या, असे मला नेहमी वाटते.

मतदान २६ एप्रिलला सुरू झाले आणि साहित्य न पोचल्यामुळे काही भागांत ते २९ तारखेपर्यंत चालले. मोजणीत गोंधळ झाले, तक्रारी आल्या, आणि अखेर ६ मे रोजी क्रिग्लर यांनी निवडणूक बऱ्याच अंशी मुक्त आणि न्याय्य वातावरणात झाल्याचे जाहीर केले. या ‘बऱ्याच अंशी’ शब्दांत न्यायाधीशाची सवय दिसते: पुरावा जेवढे सांगतो तेवढेच बोलायचे, एक शब्दही जास्त नाही. त्यानंतर ते नव्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पुढे स्थायी निवडणूक आयोग आला तेव्हा त्याचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, पण सरकारशी मतभेद झाल्यावर १९९९ मध्ये, दुसरी सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना, त्यांनी ते सोडले. २००७ च्या अखेरीस केनियात झालेली निवडणूक रक्तपातात संपली, तेव्हा चौकशी समितीच्या अध्यक्षपदासाठी जग पुन्हा त्यांच्याकडेच गेले. त्यांच्या समितीने २००८ मध्ये जो अहवाल दिला त्यात कोण जिंकले हे सांगितलेले नाही. नोंदी इतक्या बिघडलेल्या होत्या की कोण जिंकले हे सांगणेच अशक्य आहे, असे त्यात म्हटले आहे. राजकारण्याला किंवा प्रशासकाला असे उत्तर देणे जड गेले असते. पुरावा नसेल तर नाही म्हणायची सवय असलेल्या माणसाला ते देता आले.

या अनुभवातून दक्षिण आफ्रिकेने जी रचना केली ती मास्तरांच्या सूचनेपेक्षा शहाणी आहे. तिथल्या पाच सदस्यांच्या आयोगात एक न्यायाधीश असावा लागतो, पाचही नव्हेत. ऑस्ट्रेलियातही आयोगाचा अध्यक्ष संघीय न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो, तर रोजचा कारभार दुसरा, पूर्ण वेळ आयुक्त पाहतो. म्हणजे न्यायाधीशाने पंच म्हणून वर बसायचे आणि पेट्यांचा हिशेब त्या कामातल्या माणसाने ठेवायचा. उलट पाकिस्तानात मुख्य निवडणूक आयुक्त न्यायाधीशच असावा अशी घटनेतच अट होती. २०१६ च्या २२व्या दुरुस्तीने ती काढून सनदी अधिकारी आणि तज्ज्ञांनाही ते पद खुले झाले. आपल्याकडे केंद्रात नेमके दुसरे टोक आहे. २०२३ च्या कायद्यानुसार निवडणूक आयुक्त भारत सरकारच्या सचिवाच्या समकक्ष पदावर असलेला किंवा राहिलेला असावा लागतो, त्यामुळे ती वाट मुख्यतः सनदी अधिकाऱ्यांचीच आहे. त्याच वर्षी २ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीशांना स्थान दिले होते, तेही या कायद्यात राहिले नाही.

मात्र निवडणुकीशी जोडलेले एक काम आपल्याकडे परंपरेने निवृत्त न्यायमूर्तींकडे जाते, ते म्हणजे मतदारसंघांची फेररचना. सीमा आखण्याच्या या कामात लोकांच्या हरकती ऐकायच्या असतात, दोन गावांपैकी कोणते कुठे जाईल याची कारणे द्यायची असतात, आणि घाईपेक्षा समतोल महत्त्वाचा असतो, म्हणजे ते न्यायदानाच्या जवळचे आहे. मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या रंजना देसाई मार्च २०२० मध्ये जम्मू-काश्मीरच्या परिसीमन आयोगाच्या अध्यक्ष झाल्या, आणि ५ मे २०२२ रोजी त्यांच्या आयोगाने अंतिम आदेश काढून तिथल्या ९० जागांच्या सीमा ठरवल्या: जम्मूत ४३ आणि काश्मीरमध्ये ४७. त्यांच्याबरोबर आयोगावर कोण होते हे पाहिले की मास्तरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. भारताचे मुख्य निवडणूक आयुक्त आणि तिथले राज्य निवडणूक आयुक्त हे दोघे न्यायमूर्तींच्या शेजारी बसले होते.

कवच असूनही माणूस एकटा पडतो तो कसा, याची आठवण शेजारच्या महाराष्ट्रात आहे. मार्च २००८ मध्ये तिथल्या विधानसभेने हक्कभंगाच्या कारणावरून राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना दोन दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. ज्यांना पदावरून काढायचे तर संसदेत दोन तृतीयांश मते लागतात, त्यांना तुरुंगात पाठवायला सभागृहाचा एक ठराव पुरला. त्यांच्याकडे न्यायाधीशाचे कवच होते, पण न्यायाधीशामागे जसे अख्खे न्यायालय उभे असते तसे त्यांच्यामागे काही नव्हते.

न्यायालय मागे उभे राहिले की काय होते ते आपण २०२२ मध्ये गोव्यात पाहिले. १८६ पंचायतींची मुदत जूनमध्ये संपत होती. इतर मागासवर्गीय आरक्षणाची पूर्वतयारी आणि पावसाळा ही कारणे देऊन सरकारला निवडणूक पुढे न्यायची होती, आणि पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असे घटना सांगत होती. २८ जूनला गोवा खंडपीठाने ४५ दिवसांत निवडणूक पूर्ण करा असा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सरकारला तिथेही दिलासा मिळाला नाही. १० ऑगस्टला, भर पावसात, मतदान झाले. आमच्या केंद्रावर शाळेच्या ओट्यावर छत्र्यांची रांग लागली होती, आत केंद्राधिकारी मतपत्रिकांचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून एकेक काढून देत होते, आणि ओल्या बोटांनी घडी नीट बसत नाही म्हणून मास्तरांनी आपली मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी दोनदा दुमडली. मतमोजणी १२ ऑगस्टला झाली. घरी येऊन मी बोटांवर मोजले: तो पंचेचाळिसावा दिवस होता.